सार्वजनिक सायकल कोणाची?

पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये औंध परिसरात आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात सार्वजनिक सायकलींचा प्रयोग सुरू झाला. ठरावीक थांब्याचे बंधन नाही. मोबाईलने कुलूप उघडावे आणि काम होताच सायकल सोयीच्या जागी ठेवावी, अशी ही योजना. पेडलमागोमाग ओफो, मोबाईक, युलू या कंपन्याही आल्या. परंतु दोन वर्षांच्या आतच बहुतेक सायकली रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या.

मोडतोड व चोऱ्या झाल्या, हे खरेच. तथापि सारे खापर नागरिकांच्या बेशिस्तीवर फोडणे हे अर्धसत्य होय. नाममात्र भाड्यातून डागडुजीचा खर्च निघणे कठीण. तूट भरून निघत होती ती गुंतवणूकदारांच्या भांडवलातून. तो ओघ आटताच सेवाही आटली. ओफोने तर २०१८ मध्येच भारतातून काढता पाय घेतला. याउलट चीनमधील हांगचौ शहराने २००८ पासून सार्वजनिक कंपनीमार्फत, थांबे उभारून व पहिला तास विनामूल्य ठेवून, हीच सोय चालविली. रस्त्यावरील दिव्यांप्रमाणे तिचा भार तेथे सार्वजनिक व्यवस्थेने उचलला.

अहिल्यानगरात तालुक्यांतून येणारा विद्यार्थी बसस्थानकावर उतरतो, तेव्हा महाविद्यालयापर्यंतचे रिक्षाभाडे त्याला जड जाते. हे अंतर सायकलीचेच आहे. म्हणूनच अशी योजना येथे आली, तर उद्घाटनापूर्वीच एक प्रश्न विचारला पाहिजे : तिसऱ्या वर्षीचा दुरुस्तीखर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकात कोठे आहे?