कोंबड्यांच्या आतड्यांचे रोग आणि जीवाणूंची जनुके : एक परिचय

प्रस्तावना

फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या, तेव्हा त्यांचे नमुने तपासणीसाठी भोपाळला पाठविण्यात आले. येथील उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केले आणि काही लाख कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. हीच प्रयोगशाळा 2014 पासून राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था या नावाने कार्यरत आहे. त्या घटनेपासून कोंबडी मेली की सर्वसामान्यांच्या तोंडी बर्ड फ्लू हा एकच शब्द येतो.

परंतु बर्ड फ्लू हा विषाणूजन्य रोग होय. लहान कुक्कुटपालकाला वर्षभर पोखरतात ते रोग वेगळेच असतात. त्यांपैकी बरेचसे आतड्यांचे असून ते जीवाणूंमुळे होतात. त्यांची बातमी होत नाही. पिल्ले सुस्त होतात, विष्ठा पातळ होते, वजन वाढत नाही, काही मरतात. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून पाण्यात प्रतिजैविकाची पूड टाकली जाते. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची उपजीविका कोंबडीपालनावर व विक्रीवर चालते आणि त्यांची मुले आपल्या वर्गात बसतात. म्हणून हा विषय केवळ पशुवैद्यकांचा आहे असे समजून चालणार नाही.

जीवाणूचे नाव कळले म्हणजे रोग कळला असे होत नाही. रोग करण्याची ताकद त्याच्या जनुकांत असते आणि ही जनुके मिळतात, हरवतात, एकाकडून दुसऱ्याकडे जातात. हे तीन उदाहरणांच्या आधारे मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जनुक आणि प्लाझ्मिड

जनुक म्हणजे पेशीला एखादे प्रथिन कसे तयार करावे हे सांगणारा डीएनएचा मजकूर. जीवाणूचा मुख्य मजकूर त्याच्या गुणसूत्रात असतो. याशिवाय अनेक जीवाणूंमध्ये डीएनएची लहान, बहुधा गोलाकार कडी असते. तिला प्लाझ्मिड म्हणतात. गुणसूत्राची तुलना बांधीव ग्रंथाशी केली, तर प्लाझ्मिड ही त्यात ठेवलेली सुटी चिठ्ठी होय. दोन जीवाणू एकमेकांना चिकटले असता या चिठ्ठीची नक्कल एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. आई-बापाकडून मुलाकडे येणारा वारसा आपल्याला परिचित आहे. येथे मात्र शेजाऱ्याकडूनही वारसा मिळतो.

मिळालेले जनुक : नेट-बी

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जीवाणू माती, धूळ, विष्ठा आणि निरोगी कोंबडीचे आतडे या सर्व ठिकाणी आढळतो. ब्रॉयलर पिल्लांना साधारणतः दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात होणारा नेक्रोटिक एन्टरायटिस, म्हणजे आतड्याचे अस्तर मरून सडण्याचा रोग, याच जीवाणूमुळे होतो. मेलेल्या पक्ष्याचे आतडे उघडले असता आतील बाजू खरखरीत टर्किश टॉवेलसारखी दिसते. निरोगी पक्ष्यातही तोच जीवाणू असतो, तर मग काहीच पक्षी का मरतात, हा प्रश्न अनेक वर्षे अनुत्तरित होता.

या जीवाणूचे अल्फा नावाचे विष रोगाचे कारण आहे असे दीर्घकाळ मानले जात होते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अल्फा विषाचे जनुक निकामी केलेला जीवाणू तयार केला. तरीही पिल्लांना रोग झाला, असे त्यांनी 2006 मध्ये दाखविले. दोन वर्षांनी, 2008 मध्ये, त्याच गटाला नेट-बी हे नवे विष सापडले. हे विष पेशीच्या पापुद्र्याला छिद्र पाडते व पेशी फुटून मरते. नेट-बीचे जनुक काढून टाकलेला जीवाणू रोग करू शकला नाही आणि जनुक परत घालताच त्याची ताकद परत आली. पुढे असे आढळले की हे जनुक गुणसूत्रावर नसून दुसऱ्या जीवाणूकडे जाऊ शकणाऱ्या मोठ्या प्लाझ्मिडवर असते. याचा अर्थ कालचा निरुपद्रवी जीवाणू आज ही चिठ्ठी मिळताच घातक ठरू शकतो. 2018 मध्ये या जीवाणूच्या वर्गीकरणात नेट-बी असलेल्यांसाठी जी हा स्वतंत्र प्रकार करण्यात आला.

तथापि केवळ जनुक असणे पुरेसे नाही. नेट-बी असलेले जीवाणू कधी कधी निरोगी पक्ष्यांतही मिळतात. येथे त्याच्या गुणसूत्राकडे पाहावे लागते. जपानी संशोधकांनी 2002 मध्ये या जीवाणूच्या एका वाणाच्या गुणसूत्राची सुमारे 30 लाख अक्षरे वाचून प्रसिद्ध केली. त्यात असे दिसले की अनेक अमिनो आम्ले स्वतः तयार करण्याची जनुकेच त्याच्याजवळ नाहीत. म्हणजे तो आयत्या प्रथिनांवर जगणारा जीव आहे. रक्ती हगवणीच्या परजीवींनी आतड्याच्या भिंतीला जखमा केल्या की रक्तातील प्रथिने आत पाझरतात. खाद्यात मासळीची भुकटी जास्त असली की न पचलेले प्रथिन आतड्यात उरते. दोन्ही वेळा या जीवाणूला मेजवानी मिळते आणि त्याची संख्या झपाट्याने वाढते. तुसाची गादी कोरडी ठेवा, रक्ती हगवण आवरा, खाद्य एकदम बदलू नका, हा जाणत्या पालकांचा सल्ला जनुकांच्या भाषेतही बरोबर ठरतो.

हरवलेली जनुके : साल्मोनेला गॅलिनेरम

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. कोंबड्यांच्या टायफॉइडला कारणीभूत होणारा साल्मोनेला गॅलिनेरम आणि पिल्लांना पांढरी हगवण लावणारा साल्मोनेला पुलोरम हे जवळचे भाऊबंद होत. यांचा आणखी एक नातलग, साल्मोनेला एन्टरायटिडिस, कोंबडीच्या अंड्यांतून माणसाला आजारी पाडतो. 2008 मध्ये गॅलिनेरम आणि एन्टरायटिडिस यांचा संपूर्ण जनुकीय मजकूर शेजारी ठेवून वाचण्यात आला. गॅलिनेरम हा एन्टरायटिडिससारख्याच पूर्वजापासून निघालेला असून त्याची शेकडो जनुके निकामी झाली आहेत, असे दिसून आले.

उर्दूच्या वर्गात आपण सांगतो की एक नुक्ता वरचा खाली गेला की ‘खुदा’चा ‘जुदा’ होतो. डीएनएतही एखादे अक्षर गळाले वा बदलले की पुढचा सारा मजकूर निरर्थक होऊ शकतो. अशा मृत जनुकांमुळे गॅलिनेरमला पोहण्याची शेपटी उरली नाही. पण हे नुकसान त्याच्या पथ्यावर पडले असे मानले जाते. कारण पक्ष्याची प्रतिकारयंत्रणा शत्रूला ओळखते ती या शेपटीच्या प्रथिनावरून. शेपटी नसलेला जीवाणू गाजावाजा न करता आतड्याची भिंत ओलांडून यकृत व प्लीहेपर्यंत पोहोचतो. त्याचबरोबर इतर यजमानांत राहण्याची त्याची क्षमता गेली. म्हणून तो मुख्यतः पक्ष्यांपुरता मर्यादित आहे.

फिरणारे जनुक : एमसीआर-1

तिसरे उदाहरण माणसाच्या जिवाशी थेट संबंधित आहे. कोलिस्टीन हे प्रतिजैविक इतर औषधे निष्फळ ठरल्यावर अतिदक्षता विभागात वापरले जाते. हेच औषध अनेक देशांत, आपल्याही देशात, कोंबड्यांना रोग होऊ नये व वजन वाढावे म्हणून खाद्यातून दिले जात होते. नोव्हेंबर 2015 मध्ये चीनमधून एमसीआर-1 या जनुकाचा शोध प्रसिद्ध झाला. हे जनुक जीवाणूच्या बाह्य आवरणात असा बदल करते की कोलिस्टीन त्याला नीट चिकटतच नाही. मुख्य म्हणजे ते प्लाझ्मिडवर असते. पशूच्या आतड्यातील ई. कोलायकडून ते माणसाला आजारी पाडणाऱ्या जीवाणूकडे जाऊ शकते.

भारत सरकारने 19 जुलै 2019 रोजी अधिसूचना काढून अन्नासाठी पाळलेले पशू, कुक्कुट, मत्स्य व पशुखाद्य यांसाठी कोलिस्टीनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली. त्याच महिन्यात मध्य प्रदेशाने प्रतिजैविक-प्रतिरोधाविरुद्धचा राज्य कृती आराखडा जाहीर केला. 2018 मधील केरळनंतर असे करणारे हे दुसरे राज्य होते. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यातून प्रतिजैविके देणे 1 जानेवारी 2006 पासूनच बंद केले होते.

येथे एक बाब आवर्जून नमूद करावीशी वाटते. कोलिस्टीन हे ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंवर चालते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा ग्रॅम-पॉझिटिव्ह आहे. म्हणजे आतडे सडण्याच्या रोगावर ज्याने कोलिस्टीन वापरले असेल, त्याच्या पिल्लांना त्याचा गुण येणे शक्य नव्हते. मात्र त्याच आतड्यातील ई. कोलायला प्रतिरोधाचे शिक्षण मिळाले. पैसा गेला, पिल्ले गेली आणि माणसाच्या कामी येणारे औषध बोथट झाले.

अध्यापकांची भूमिका

हा विषय शिकविण्यासाठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. विद्यार्थ्याने घरी तीन प्रश्न विचारावेत, एवढे साधले तरी पुरे. रोग विषाणूचा, जीवाणूचा की परजीवीचा, हे तपासले आहे काय? दिलेले औषध त्या जीवाणूवर चालते काय? आणि गादी, पाणी व खाद्य सुधारण्याआधी आपण औषधाकडे का वळलो? मेलेला पक्षी फेकून न देता पशुवैद्यकाकडे शवविच्छेदनासाठी नेण्याची सवय लागली, तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळू लागतील.

विद्यार्थ्यांशी बोलताना जनुक, प्लाझ्मिड, प्रतिरोध हे शब्द त्यांच्या घरच्या बोलीत, मग ती मराठी असो वा उर्दू, उलगडून सांगावेत. परिभाषा पाठ झाली पण अर्थ घरापर्यंत पोहोचला नाही, तर ते शिक्षण अपुरे होय.

समारोप

कुरआनात अन्नाविषयी हलाल या शब्दाबरोबर तय्यब, म्हणजे शुद्ध व हितकर, हा शब्दही येतो. पहिल्या शब्दाची आपण पुष्कळ काळजी घेतो. पक्षी कशावर वाढला, त्याला कोणते औषध कशासाठी दिले, हा प्रश्न दुसऱ्या शब्दाच्या कक्षेत येतो. जीवाणूंची जनुके आपल्या नजरेस पडत नाहीत, परंतु ती कोठे फिरतील हे बऱ्याच अंशी आपल्या सवयींवर अवलंबून आहे. ही जाणीव कोंबडीपालकाच्या मुलापर्यंत पोहोचविणे आपल्या हाती आहे.