मोकळं असावं, ढिलं नसावं : जुन्या गार्डन ट्रॅक्टरचा गव्हर्नर

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये राहत असाल, तर उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी हा आवाज तुमच्या कानावर पडला असेल. आसपास कुणीतरी जुना गार्डन ट्रॅक्टर चालू करतं आणि इंजिन एका लयीत चालायच्या ऐवजी झोके खायला लागतं. वेग चढतो, पडतो, पुन्हा चढतो, पुन्हा पडतो. याला 'हंटिंग' म्हणतात, कारण इंजिन स्वतःचा वेग शोधत फिरतंय असं वाटतं. त्यावर लोक दोन सल्ले देतात. एक, गव्हर्नरची स्प्रिंग ताणून बसवा. दोन, इंजिन भंगारात द्या. दुसरा सल्ला महागात पडतो आणि पहिला जिवावर बेतू शकतो.

पॉडकास्टमध्ये फीडबॅकबद्दल बोलताना हातवारे दिसत नाहीत, म्हणून हे लिहून सांगते. समोर एक खरं इंजिन ठेवू या : कोहलर कंपनीचं के-३०१. एक सिलिंडर, सुमारे ४७६ सीसी, १२ हॉर्सपॉवर, बिडाचा ब्लॉक. १९६० च्या दशकातल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या 'कब कॅडेट' ट्रॅक्टरांवर हे इंजिन असायचं आणि त्यातले कितीतरी आजही चालू आहेत. माझ्या घरमालकांकडे असा एक आहे. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, उन्हाळ्यात त्याने गवत कापतात आणि हिवाळ्यात त्यालाच पुढे पातं लावून बर्फ ढकलतात. त्यांचं इंजिन झोके खायला लागलं तेव्हा एका दुरुस्तीच्या दुकानाने सरळ नवीन इंजिन घ्यायला सांगितलं. दोष निघाला तो लिंकच्या वायरच्या झिजलेल्या टोकात आणि लांबट झालेल्या एका भोकात.

गव्हर्नर करतो काय?

लहानपणी गावाकडे विहिरीवर किर्लोस्करांचं डिझेल इंजिन ऐकलं असेल, तर गव्हर्नर तुमच्या ओळखीचाच आहे. पाण्याचा भार आला की इंजिन क्षणभर दबायचं आणि मग आपोआप सावरायचं. ते सावरणं म्हणजे गव्हर्नर. गवत कापतानाही तेच होतं. दाट गवत आलं की पात्यांवर भार येतो, वेग घसरतो. दर वेळी हाताने थ्रॉटल कमीजास्त करत बसणं शक्य नाही. ते काम गव्हर्नर करतो.

के-३०१ मध्ये क्रँककेसच्या आत एक छोटा गिअर आहे. तो कॅमशाफ्टच्या गिअरवर फिरतो आणि त्याच्यावर दोन वजनं बिजागरीसारखी बसवलेली असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात आणि मधली पिन पुढे ढकलतात. ही पिन एका आडव्या शाफ्टला थोडंसं वळवते. शाफ्ट बुशमधून क्रँककेसच्या बाहेर येतो. बाहेर त्याच्यावर एक लांब दांडी नटने आवळलेली असते आणि दांडीपासून एक वायर, म्हणजे लिंक, कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलपर्यंत जाते. वजनं थ्रॉटल बंद करायला बघतात. उलट बाजूने एक स्प्रिंग तो उघडायला बघते. ट्रॅक्टरवर बसून तुम्ही जो वेगाचा दांडा सरकवता, तो थेट थ्रॉटल हलवत नाही, फक्त या स्प्रिंगचा ताण बदलतो. म्हणजे तुम्ही वेग *मागता*, आणि तो सांभाळायचं काम वजनं आणि स्प्रिंग यांच्या रस्सीखेचीवर सोडता.

वजनांचं बल वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतं. वेग ५ टक्के घसरला तर बल जवळजवळ १० टक्के घसरतं. त्यामुळे वजनं वेगातला छोटासा बदलही ओळखतात. प्रश्न असा, की तो बदल थ्रॉटलपर्यंत पोचतो का आणि वेळेवर पोचतो का.

झोके का येतात?

आता एक हिशोब करू. समजा वजनांपासून थ्रॉटलपर्यंतच्या साखळीत तीन सांधे झिजलेत आणि प्रत्येकात अर्ध्या मिलिमीटरचा 'प्ले' आलाय. आपल्याकडचे मिस्त्रीही हाच शब्द वापरतात. तिन्हींचा मिळून दीड मिलिमीटर झाला. थ्रॉटलची छोटी दांडी २० मिलिमीटरची धरली, तर दीड मिलिमीटर म्हणजे सुमारे ४ अंश. ट्रॅक्टर रिकामा उभा असताना थ्रॉटल मुळात थोडासाच उघडा असतो. तिथे ४ अंश म्हणजे फार झाले.

मग होतं असं. वेग वाढतो, वजनं फाकतात, दांडी हलते, पण थ्रॉटल हलत नाही, कारण आधी सगळा प्ले संपायला हवा. तो संपेपर्यंत वेग आणखी वाढलेला असतो. मग थ्रॉटल गरजेपेक्षा जास्त मिटतो. वेग पडायला लागतो आणि तीच गोष्ट उलट्या दिशेने घडते. त्यात आणखी एक उशीर आहे. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदाच स्फोट होतो. मिनिटाला १८०० फेरे असतील तर सेकंदाला १५ वेळा. थ्रॉटल हलला तरी त्याचा परिणाम पुढच्या स्फोटापर्यंत थांबतो. उशिरा मिळालेल्या बातमीवर जोरदार कारवाई केली की काय होतं, ते आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या ऑफिसात पाहिलेलं आहे.

हा प्रश्न फार जुना आहे. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर लावला. मूळ कल्पना पवनचक्क्यांमध्ये आधीपासून होती. पुढे झोके खाणाऱ्या यंत्रांनी इंजिनिअरांना इतकं छळलं, की १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 'ऑन गव्हर्नर्स' नावाचा शोधनिबंध लिहिला. असे झोके कधी विरतात आणि कधी वाढत जातात, हे त्याने समीकरणांनी मांडलं. माझ्या क्षेत्राचा, म्हणजे नियंत्रण सिद्धांताचा, इतिहास सांगताना बहुतेक लोक इथूनच सुरुवात करतात. १८७६ मध्ये रशियातल्या इव्हान विश्नेग्रादस्कीने (हा गृहस्थ पुढे रशियाचा अर्थमंत्री झाला) दाखवलं, की हालचाल मंदावणारा थोडा विरोध गव्हर्नरला लागतोच. तो अजिबात नसेल तर झोके थांबत नाहीत.

पण विरोध दोन प्रकारचा असतो, आणि दुरुस्ती करताना हे लक्षात ठेवायचं. तेलातून चमचा फिरवताना लागतो तो विरोध हालचाल मऊ करतो, पण ती अडवत नाही. गंजलेल्या कडीचा विरोध मात्र आधी अडवतो आणि मग एकदम सुटतो. हा दुसरा प्रकार प्लेइतकाच वाईट, कारण बातमी दोन्हीत अडकते. म्हणून सूत्र एकच : प्रत्येक सांधा मोकळा हवा, पण ढिला नको.

आधी दोष नक्की करा

झोके खाणारं प्रत्येक इंजिन गव्हर्नरमुळेच झोके खातं असं नाही. पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात असेल, तरी इंजिन असंच वागतं. म्हणून इंजिन बेताच्या वेगात चालू ठेवून, पाती बंद ठेवून, थ्रॉटलची दांडी लांब पकडीने हलकेच आहे तिथे स्थिर धरा. फ्लायव्हीलपासून हात आणि बाह्या दूर ठेवा, थ्रॉटल जास्त उघडू नका. आता वेग स्थिर झाला तर दोष गव्हर्नरच्या साखळीत आहे. तरीही झोके येत असतील तर कार्ब्युरेटर साफ करा आणि थ्रॉटलचा शाफ्ट कार्ब्युरेटरच्या अंगात खुळखुळतोय का ते बघा. तिथून हवा आत शिरते. त्या जागी घट्ट ग्रीस लावल्यावर इंजिन तात्पुरतं सुधारलं, तर चोर सापडला.

दोष साखळीत असेल तर इंजिन बंद करा, स्पार्क प्लगची वायर काढा आणि एकेक सांधा बोटांनी हलवून बघा. वायरचं टोक झिजून बारीक झालंय का? दांडीतलं भोक गोलाचं लांबट झालंय का? शाफ्ट बुशमध्ये वरखाली हलतो का? शाफ्टभोवती तेल पाझरत असेल तर बुश झिजलाय असं समजा.

वायर नवी वाकवून करता येते, फक्त लांबी जुन्याइतकीच ठेवा. लांबट भोक ब्रेझिंगने भरून पुन्हा योग्य मापाचं पाडता येतं, किंवा मोठं करून त्यात छोटा पितळी बुश बसवता येतो. शाफ्टचा बुश बदलायचा तर काही वेळा क्रँककेस उघडावी लागू शकते. ते काम मोठं आहे, पण नवीन इंजिनाच्या खर्चापुढे किरकोळच. नवा बुश बसवल्यावर शाफ्ट दोन बोटांनी सहज फिरायला हवा. अडकत असेल तर एक दोष काढून दुसरा घातला असं होईल.

दोन शून्यं जुळवणं

सांधे नीट झाले की साखळी पुन्हा जुळवायची. यामागचा विचार सोपा आहे. इंजिन बंद असतं तेव्हा वजनं पूर्ण मिटलेली असतात आणि स्प्रिंगने थ्रॉटल पूर्ण उघडलेला असतो. ही दोन टोकं एकाच वेळी जुळली पाहिजेत.

के-३०१ वर दांडीचा नट फक्त सैल करा, काढू नका. दांडी कार्ब्युरेटरपासून दूर ओढा, थ्रॉटल पूर्ण उघडेल. ती तशीच धरून, शाफ्टचं बाहेर आलेलं टोक पकडीने घड्याळाच्या उलट दिशेने जाईल तितकं फिरवा. आतला भाग पिनला टेकला की ते थांबेल. तिथेच नट आवळा. शाफ्ट कुठेच न थांबता गोल फिरत राहिला, तर आतला गिअर किंवा पिन जागेवर नाही. अशा वेळी इंजिन चालू करायचंच नाही. दुसऱ्या बनावटीच्या इंजिनात दिशा वेगळी असू शकते. ती त्याच्या पुस्तिकेत बघा, पण तत्त्व हेच.

स्प्रिंगची पाळी सगळ्यात शेवटी. दांडीला भोकांची एक ओळ असते. स्प्रिंग शाफ्टच्या जवळच्या भोकात लावली की गव्हर्नर तिखट होतो. भार आल्यावर वेग कमी घसरतो, पण झोक्यांची शक्यता वाढते. लांबच्या भोकात लावली की तो शांत होतो, पण भाराखाली वेग जास्त पडतो. दोन्ही एकदम मिळत नाही. प्ले काढण्याआधी ही भोकं बदलत बसलात तर दिवस जाईल आणि इंजिन आहे तसंच राहील.

स्प्रिंग ताणणं धोक्याचं का?

ताणलेली किंवा हार्डवेअरच्या दुकानातून अंदाजाने आणलेली स्प्रिंग झोके काही वेळा खरंच लपवते, कारण ती थ्रॉटल जोराने उघडा धरते. पण त्याने वेगाची मर्यादाच वर जाते. या इंजिनाची कमाल मर्यादा मिनिटाला ३६०० फेरे आहे. ५००० वर फ्लायव्हील आणि कनेक्टिंग रॉडवर फिरण्यामुळे येणारा ताण जवळजवळ दुप्पट होतो. रॉड तुटला तर तो ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो, आणि चालवणारा त्या इंजिनाच्या मागे हातभर अंतरावर बसलेला असतो.

म्हणून दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करायच्या आधी इग्निशनचा स्विच इंजिन खरंच बंद करतो याची खात्री करा. वेगाचा दांडा अगदी खाली ठेवा, एक हात स्विचवर ठेवा. वेग स्थिर असेल तर हळूहळू वाढवा आणि छोटा टॅकोमीटर लावून वरचा आकडा मोजा. कानावर विसंबू नका. मग पाती लावा. इंजिन किंचित दबून सावरलं की काम झालं. वेग अजिबात दबू नये अशी अपेक्षा धरू नका. तो थोडा घसरतो म्हणून तर वजनांना भार कळतो.

माझ्या घरमालकांच्या ट्रॅक्टरला एक वायर, एक पितळी बुश आणि एक दुपार लागली. तुमच्या आसपास कुणी असं इंजिन भंगारात द्यायला निघालं असेल, तर त्यांना एवढंच सांगा : आधी सांधे हलवून बघा, पाना मग हातात घ्या.