पालखेड : मैत्रीची किंमत

वैजापूर तालुक्यातील पालखेड बाजीरावाच्या युद्धकौशल्यासाठी प्रसिद्ध आहे. मला त्यामागचे राजकारण अधिक बोलके वाटते. शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे यांच्यात वारसाहक्काचा वाद होता. निजामाने तोच हेरला. खरा छत्रपती कोण हे ठरेपर्यंत चौथाई देणार नाही, असे सांगून त्याने संभाजीराजांना हाताशी धरले. फेब्रुवारी १७२८ मध्ये बाजीरावाने पालखेडला त्याचे रसदपाणी तोडले. ६ मार्चच्या मुंगी-शेवगाव तहात निजामाने शाहूंचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क मान्य केला आणि संभाजीराजांची पाठराखण सोडली. अखेर १७३१ मध्ये दोघा भावांत वारणेचा तह झाला. वारणा नदी हद्द ठरली. आजही बडी सत्ता शेजाऱ्यांच्या भांडणात एकाला जवळ करते, ती स्वतःच्या गरजेपुरती. हद्द मात्र शेवटी शेजाऱ्याशीच ठरवावी लागते.