जुन्या मॉडेल रेल्वेच्या बॉडीला नवा रंग

मॉडेल रेल्वेच्या इंजिनाचे दोन भाग असतात. खाली मोटर, दंतचक्रे आणि चाके असलेला सांगाडा, आणि वर प्लास्टिकचे पोकळ कवच. हौशी मंडळी त्याला ‘बॉडी’ म्हणतात. मोटर बिघडली तर दुसरी बसवता येते. बॉडीचे तसे नाही. कारखान्याने साचा एकदा मोडीत काढला की हातात आहे तीच बॉडी वाचवावी लागते. पुण्यात हा छंद मुरलेला आहे. बी. एस. ऊर्फ भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून कोथरूडमध्ये लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली उभे राहिले, आणि कितीतरी पुणेकर मुलांनी सिग्नल पडल्यावर थांबणारी छोटी गाडी प्रथम तिथेच पाहिली.

जुनी बॉडी हाती आल्यावर पहिला प्रश्न रंगाचा नव्हे, प्लास्टिकचा. बहुतेक बॉडी पॉलिस्टायरीनच्या असतात. त्याआधीच्या काही, उदाहरणार्थ ब्रिटनच्या ट्राय-अँगची १९५०च्या दशकाच्या सुरुवातीची काही मॉडेल, सेल्युलोज ॲसिटेटची होती. हे प्लास्टिक वर्षानुवर्षे आकसते आणि पिळवटते. ते पुन्हा सरळ करण्याची खात्रीची युक्ती नाही. अशी बॉडी हलक्या हाताने पुसून, आहे तशी जपणेच योग्य.

दुसरा प्रश्न, रंगवायचे की नाही? कारखान्याचा मूळ रंग एकदा गेला की परत येत नाही आणि संग्राहकाच्या लेखी मॉडेलची किंमतही उतरते. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश एवढ्यानेच पुष्कळदा खालचा रंग उजळून निघतो. रंग उडालेला असेल, किंवा आधी कुणी भिंतीचा ऑइलपेंट फासला असेल, तरच पुढे जावे.

रंग उतरवायला थिनर किंवा ॲसिटोन कधीही वापरू नये. पॉलिस्टायरीन त्यात विरघळते. आयसोप्रोपिल अल्कोहोल त्यामानाने सौम्य असते, तरी आधी बॉडीच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, थेंब टाकून पाहावे. मग बॉडी काही तास बुडवून जुन्या टूथब्रशने घासली की रंग सालीसारखा सुटतो. खिडक्या उघड्या हव्यात, जवळपास ज्योत नको.

तडे फेव्हिक्विकने सांधले की सांधा ठिसूळ राहतो. प्लास्टिकच विरघळवून जोडणारा पातळ द्रव फटीत आपोआप ओढला जातो आणि दोन्ही कडा एकजीव होतात. उरलेल्या खड्ड्यात लांबी भरून ती बारीक वॉटर पेपरने, पाणी लावत घासावी. तुटलेल्या दांड्यांच्या जागी पितळेची बारीक तार बसते.

सगळी कसोटी रंगाच्या जाडीची आहे. एचओ प्रमाणात मॉडेल खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान असते. म्हणजे रंगाचा अवघा ०.१ मिलिमीटरचा थर खऱ्या डब्यावरच्या जवळजवळ ९ मिलिमीटर जाड थरासारखा दिसतो आणि त्याखाली रिव्हेट बुजून जातात. म्हणून एअरब्रशने प्रायमरचा एक पातळ हात, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात. फिकट रंग आधी, गडद नंतर. मध्ये मास्किंग टेप. पावसाळ्यात हे काम काढूच नये. दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते. पुण्याच्या फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत काम सुरेख होते; फक्त धूळ सांभाळायची.

छटाही थोडी फिकट घ्यावी लागते, कारण छोट्या वस्तूवर तोच रंग गडद भासतो. कोणत्या काळातली गाडी करायची हेही आधी ठरलेले बरे. दख्खनच्या राणीचेच पाहा: १ जून १९३० रोजी ती सुरू झाली तेव्हा तिचा एक संच रुपेरी, लाल पट्ट्यांचा होता आणि दुसरा निळा, सोनेरी रेघांचा. जून २०२२मध्ये आलेले नवे डबे हिरवे आहेत. काळ आणि रंग यांची गल्लत झाली तर उत्तम हातोटीचे कामही खोटे वाटते.

अक्षरांसाठी पाण्यात भिजवून चिकटवायची डिकॅल वापरतात. भारतीय गाड्यांची देवनागरी अक्षरे बहुधा स्वतःच छापावी लागतात, आणि घरच्या इंकजेट प्रिंटरला पांढरी शाई नसते. निळ्या डब्यावरची पांढरी अक्षरे वेगळ्या छपाईनेच मिळतात. डिकॅलखालचा रंग चकचकीत हवा, नाहीतर कडेला हवेचे बुडबुडे अडकून पांढरट किनार उरते. त्यावर शेवटी मंद चमकेचे व्हार्निश.

रंग पुरता कडक व्हायला आठवडाभर द्यावा. बॉडी सांगाड्यावर बसवण्यापूर्वी आतल्या खाचांतला रंग खरवडून काढावा, कारण खाच घट्ट झाली तर दाबताना बॉडी नेमकी तिथेच पुन्हा तडकते.