चंकमण, सम्पजञ्ञ आणि आजचे नेतृत्वशिक्षण

बड्या कंपन्यांतील अधिकाऱ्यांना नेतृत्वाचे धडे देताना सावकाश चालणे, पाऊल उचलताना व टेकताना त्याची जाणीव ठेवणे, असे अभ्यास आता करवून घेतले जातात. या प्रवाहाचा एक प्रमुख उगम म्हणजे जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात रुग्णांसाठी आरंभिलेला उपक्रम होय. पुढे २००७ मध्ये गूगल कंपनीत चेड-मेंग तान यांच्या पुढाकाराने कर्मचाऱ्यांसाठी असाच अभ्यासक्रम सुरू झाला. रुग्णालयातून ही साधना कचेरीत आली ती अशी.

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. विनयपिटकातील चुल्लवग्गात असे आले आहे की, वैशालीत उंची भोजनाने भिक्खू स्थूल व रोगी झालेले पाहून जीवक वैद्याने भगवंतांकडे चंकमाची, म्हणजे येरझारा घालण्याच्या जागेची, अनुमती मागितली. त्यानंतरचा तपशील मोठा बोलका आहे. उंचसखल जमिनीवर पाय दुखू लागले, तेव्हा जागा सपाट करण्याची अनुमती मिळाली. पाणी साचले तेव्हा ती उंच बांधण्याची. भिक्खू खाली पडू लागले तेव्हा कठड्याची. अंगुत्तर निकायात चंकमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. त्यांत प्रवासाची सहनशक्ती व अन्नपचन यांच्या जोडीला, चालताना साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते, हाही एक आहे. शरीरस्वास्थ्याचा विचार धम्माला परका नाही.

परंतु सतिपट्ठानात नुसत्या सतीने भागत नाही. तिच्यासोबत सम्पजञ्ञ हवे. अट्ठकथेने त्याचे चार प्रकार केले आहेत. पाऊल टाकण्यापूर्वी त्यात हित आहे काय हे पाहणे, हे सात्थक. हित असले तरी स्थळकाळ योग्य आहे काय, हे सप्पाय. चैत्यदर्शन हितकर खरे, पण तेथे साधनेला विघ्न आणणारी गर्दी असेल तर त्या वेळी जाणे योग्य नव्हे. जाता-येता कर्मस्थान न सोडणे, हे गोचर. चौथे असम्मोह: चित्तात संकल्प उठतो, वायुधातू पसरतो, देह हलतो, चालणारा ‘मी’ असा वेगळा कोणी नाही. नेतृत्वशिक्षणाची खरी अडचण येथे आहे. ‘मी नेता’ या भावनेला बळकटी देण्यासाठीच जो चालणे शिकतो, तो चौथ्या प्रकाराच्या उलट दिशेने चालतो.

दुसरी अडचण शीलाची. रोनाल्ड पर्सर व डेव्हिड लॉय यांनी २०१३ मध्ये या बाजारू सजगतेवर टीका केली. ताण निर्माण करणारी व्यवस्था तशीच ठेवायची आणि तो ताण सोसण्याची जबाबदारी मात्र एकट्या माणसावर टाकायची, हा तिचा रोख होता. ती मला रास्त वाटते. धम्म हा मूलतः सामाजिक आहे, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात निःसंदिग्धपणे मांडले आहे. अधिकाऱ्याचे चित्त शांत झाले, पण कामगारांचे तास व वेतन ठरवताना ती शांती उपयोगी पडली नाही, तर तिला आरोग्याचा उपाय म्हणावे. सम्यक् स्मृती म्हणू नये.

प्रशिक्षकांना पालि साहित्यातून एकच सुत्त निवडायचे असेल, तर मी मज्झिम निकायातील अम्बलट्ठिकराहुलोवाद सुत्त सुचवीन. तेथे भगवंत राहुलाला आरशाचा दृष्टान्त देतात. काया, वाचा व मन यांचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर ते स्वतःला, इतरांना वा उभयतांना पीडा देते काय, हे पाहावयाचे. दोषयुक्त ठरलेले कायिक वा वाचिक कर्म शास्त्यापुढे किंवा जाणत्या सब्रह्मचाऱ्यांपुढे उघड करावयाचे. कंपनीत हे कोणापुढे उघड करायचे, हे मात्र आधी ठरवावे लागेल. वरिष्ठांबरोबर ज्यांना त्या निर्णयाची झळ बसली, तेही तेथे बसलेले असावेत.