स्वयंसेवी संस्थेचे ई-मेल वार्तापत्र : सेवा कशी निवडावी ?

लोकवर्गणीतून उभ्या राहणाऱ्या कार्याची परंपरा मावळ तालुक्याला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी हाती घेतलेल्या पैसा फंडाच्या चळवळीत सामान्य माणसांनी एकेक पैसा दिला आणि त्या निधीच्या बळावर तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली काच कारखाना सुरू झाला. देणाऱ्याची ऐपत लहान असली, तरी आपल्या पैशाचे काय झाले हे जाणून घेण्याचा त्याचा अधिकार लहान नसतो. हा अधिकार जपण्याचे एक सोपे साधन म्हणजे संस्थेचे नियमित वार्तापत्र होय.

तळेगाव औद्योगिक क्षेत्राच्या परिसरातील नवलाख उंबरे या गावाचे उदाहरण घेऊ. अशा गावात शाळेसाठी अथवा वाचनालयासाठी झटणारी एखादी संस्था आहे, असे समजा. तिचे हितचिंतक आता एकाच पंचक्रोशीत राहत नाहीत. कोणी पिंपरी-चिंचवडला, कोणी मुंबईला, तर कोणी परदेशी स्थायिक झालेले असतात. या सर्वांना छापील अंक टपालाने पाठविणे लहान संस्थेच्या आवाक्याबाहेरचे ठरते. म्हणून ई-मेलचा मार्ग पत्करला जातो. मात्र तो कोणत्या सेवेमार्फत पत्करावा, याचा निर्णय पुष्कळदा “जी फुकट मिळेल ती” एवढ्याच विचाराने होतो. या निर्णयाच्या अन्य बाजू समजून घेणे अगत्याचे आहे.

नेहमीचे ई-मेल खाते का पुरत नाही ?

जीमेलच्या वैयक्तिक खात्यातून दिवसाला साधारणतः ५०० पत्त्यांपर्यंतच पत्रे जाऊ शकतात. शिवाय सर्व पत्ते एकाच रकान्यात टाकले गेले, तर प्रत्येक देणगीदाराचा पत्ता इतर सर्वांना दिसतो. कोणाला पत्र नको असेल तर नाव कमी करण्याची सोय नसते आणि कोणते पत्ते निकामी झाले याची नोंदही आपोआप राहत नाही. वार्तापत्राच्या स्वतंत्र सेवा ही सर्व कामे करतात. त्यांत मेलचिंप व ब्रेव्हो या परदेशी, तसेच झोहो कॅम्पेन्स ही भारतीय कंपनीची सेवा विशेष परिचित आहे. लिस्टमंक ही भारतात तयार झालेली मुक्त प्रणाली विनाशुल्क आहे. परंतु ती स्वतःच्या संगणक-सेवकावर चालवावी लागत असल्याने जाणत्या तंत्रज्ञाची कायमची साथ असेल तरच तिचा विचार करावा.

विनामूल्य सेवेची मर्यादा

टायनीलेटर ही छोट्या वार्तापत्रांची लोकप्रिय विनामूल्य सेवा मेलचिंपने २०११ मध्ये विकत घेतली आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी ती कायमची बंद केली. मेलचिंपच्या विनामूल्य योजनेत पूर्वी २,००० पत्ते ठेवता येत असत. पुढे ही मर्यादा ५०० वर आणण्यात आली. यात बेकायदेशीर असे काही नाही. विनामूल्य सवलत देणारा ती केव्हाही आखडती घेऊ शकतो, एवढाच याचा बोध.

शुल्क कशावर आकारले जाते, हेही पाहावे. काही सेवा यादीतील पत्त्यांच्या संख्येवर दरमहा शुल्क घेतात, तर काही प्रत्यक्ष पाठविलेल्या पत्रांच्या संख्येवर. १,२०० पत्ते असलेली संस्था तिमाही पत्र काढीत असेल, तर वर्षाकाठी ४,८०० पत्रे जातील. पहिल्या पद्धतीत तिला बाराही महिने १,२०० पत्त्यांचे शुल्क भरावे लागेल. काही सेवा नाव कमी केलेल्या व्यक्तींचे पत्तेही मोजणीत धरतात. धर्मादाय संस्थांना सवलत देणाऱ्या सेवा आहेत, परंतु ती बहुधा नोंदणीची कागदपत्रे सादर करून मागून घ्यावी लागते. विश्वस्त संस्थेच्या हिशेबाची तपासणी होत असल्याने देयक संस्थेच्या नावे मिळते काय, याचीही खात्री करावी.

यादी संस्थेच्या ताब्यात हवी

सेवा बदलता येते. गमावलेली यादी मात्र पुन्हा जमविता येत नाही. वर्षानुवर्षे वर्गणी देणाऱ्यांचे पत्ते हे संस्थेच्या रोखकीर्दीइतकेच मोलाचे असतात. म्हणून कोणतीही सेवा घेण्यापूर्वी संपूर्ण यादी, संमतीच्या तारखांसह, साध्या तक्त्याच्या स्वरूपात केव्हाही उतरवून घेता येते काय, हा पहिला प्रश्न विचारावा. तसे करता येत नसेल, तर ती सेवा कितीही स्वस्त असली तरी नाकारावी.

दुसरा धोका घरातलाच असतो. एखादा उत्साही तरुण कार्यकर्ता स्वतःच्या नावाने खाते उघडतो, आणि नोकरीनिमित्त तो गाव सोडून गेला की परवलीचा शब्दही त्याच्याबरोबर जातो. यास्तव खाते संस्थेच्या ई-मेल पत्त्यावर उघडावे, किमान दोन जबाबदार पदाधिकाऱ्यांना त्यात प्रवेश असावा आणि दर तिमाहीस यादीची प्रत दप्तरात सुरक्षित ठेवावी.

पत्र पोहोचण्याची हमी

पाठविलेले पत्र ‘स्पॅम’च्या कप्प्यात पडले तर सारे श्रम व्यर्थ जातात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी याबाबतचे नियम कडक केले आहेत. एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने पत्रे पाठविण्याचा अधिकार कोणत्या यंत्रणांना आहे, याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पत्रावरील अंकीय मोहोर. ही तपासणी अयशस्वी झाल्यास पत्राचे काय करावे, याची सूचना म्हणजे डीमार्क. या नोंदी करण्यासाठी संस्थेचे स्वतःचे इंटरनेट नाव असणे आवश्यक आहे. बाहेरच्या सेवेतून जीमेलच्या पत्त्याने पाठविलेली पत्रे अडविली जाण्याचा संभव असतो. या नावाचे वार्षिक शुल्क वेळेवर भरले जाईल, अशी व्यवस्थाही करावी.

तक्रारींचे प्रमाण हजारी तीनच्या खाली राहिले पाहिजे, अशी गूगलची अपेक्षा आहे. न विचारता गोळा केलेले पत्ते यादीत घालणे म्हणूनच अंगलट येते.

संमती आणि कायदा

अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी सर्वसाधारणपणे तिची स्पष्ट संमती लागते, आणि संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सुलभ असावे लागते. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. संमतीची सूचना इंग्रजीत अथवा आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय देणे अपेक्षित आहे. शिक्षकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी : १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळणीयोग्य संमती हा सर्वसाधारण नियम आहे. शाळेच्या पटावरील माहिती परस्पर वार्तापत्राच्या यादीत घालू नये.

मराठी मजकुराची परीक्षा

मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या टंकांतील मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. नाव कमी करण्याचा दुवा मराठीत लिहिता येतो काय, हे तपासावे. सुमारे १०२ किलोबाइटांपेक्षा मोठे पत्र जीमेल मध्येच तोडते आणि शेवटी असलेला हा दुवा झाकला जातो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठविण्यास तीन बाइट लागतात. म्हणून पत्र आटोपशीर ठेवावे.

पत्र किती जणांनी उघडले, या आकड्यावर फार विसंबू नये. ॲपल कंपनीने २०२१ मध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे न वाचलेली पत्रेही उघडल्यासारखी दिसू शकतात. किती वाचकांनी उत्तर लिहिले आणि किती जणांनी पुन्हा वर्गणी दिली, हा मापदंड अधिक भरवशाचा होय.

निर्णयापूर्वी

दोन सेवा निवडून प्रत्येकीतून दहा-पंधरा ओळखीच्या व्यक्तींना एकच मराठी पत्र पाठवावे. ते पोहोचले काय, भ्रमणध्वनीवर नीट वाचता आले काय, नाव कमी करता आले काय आणि यादी परत उतरविता आली काय, या चार गोष्टी पडताळून निर्णय कार्यकारिणीच्या सभेत ठरावाने घ्यावा. गावात ई-मेल न वापरणारेही पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी त्याच पत्राची छापील प्रत शाळेत आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.

साधने काळाबरोबर पालटत राहतील. एक पैसा देणाऱ्यालाही संस्थेने वेळेवर आणि सरळ भाषेत हिशेब द्यावा, हे कर्तव्य मात्र कायम राहणार आहे. जी सेवा हे कर्तव्य पार पाडण्यास साहाय्य करील आणि वेळ येताच संस्थेची यादी सुखरूप परत करील, तीच संस्थेने स्वीकारावी.