विश्वाचे धान पाखडणारा महासंगणक

गोंदिया : धानाची मळणी आटोपली, की गोंदिया जिल्ह्यात घरोघरी सूप हाती घेतले जाते. पोचट दाणे वाऱ्यावर उडून जातात आणि भरीव दाणे तेवढे सुपात उरतात. विश्वाचा वेध घेणारे शास्त्रज्ञ आज याच प्रकारचे काम करीत आहेत. फरक एवढाच, की त्यांच्यापुढे अब्जावधी आकड्यांची रास असते आणि तीत भरीव दाणा क्वचितच सापडतो. रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसलेला खगोलशास्त्रज्ञ हे चित्र आता मागे पडले असून, त्या डोळ्याची जागा बऱ्याच अंशी महासंगणकाने घेतली आहे. या कार्याची देशातील काही प्रमुख केंद्रे महाराष्ट्रातच आहेत.

तीस अँटेना, एक दुर्बीण

पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथे 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप' अर्थात 'जीएमआरटी' ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकारली. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी दाटीने, तर उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरलेल्या आहेत. सर्वांत दूरच्या अँटेनांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते.

या तीसही अँटेनांना एकच दुर्बीण बनविण्याचे काम संगणक करतो. दूरच्या दीर्घिकेतून आलेली रेडिओ लहर प्रत्येक अँटेनापर्यंत किंचित वेगळ्या क्षणी पोहोचते. प्रत्येक अँटेनाचा संदेश इतर प्रत्येक अँटेनाच्या संदेशाशी ताडून पाहिला, की या सूक्ष्म फरकातून आकाशाचे चित्र उभे करता येते. तीस अँटेनांच्या अशा ४३५ जोड्या होतात. दुर्बिणीच्या आधुनिकीकरणानंतर ती एका वेळी ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा लहरपट्टा टिपू शकते. असा पट्टा टिपायचा, तर सेकंदाला किमान ८० कोटी नोंदी घ्याव्या लागतात. प्रत्येक अँटेनातून दोन, म्हणजे एकूण ६० संदेश येतात. याचा अर्थ दर सेकंदाला ४,८०० कोटी नोंदी! त्या साठवून सावकाश तपासणे परवडणारे नसल्याने जुळवणी त्याच क्षणी करावी लागते.

या परिश्रमाचे फळ २०२३ च्या जानेवारीत जगापुढे आले. विश्वाचे वय अवघे ४९० कोटी वर्षे असताना एका दीर्घिकेतील हायड्रोजन वायूतून निघालेला क्षीण संदेश या दुर्बिणीने टिपल्याचे जाहीर झाले. वाटेतील दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून तो सुमारे ३० पट वाढविला होता. २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या तीन 'परम रुद्र' महासंगणकांपैकी एक याच दुर्बिणीच्या कामी आला आहे. त्याची क्षमता एक पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला दहा लाख अब्ज आकडेमोडी एवढी आहे.

कोलाहलातील कुजबुज

पाखडण्याचे आणखी अवघड उदाहरण गुरुत्वीय लहरींचे आहे. दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, की अवकाशालाच तरंग उठतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील 'लायगो' वेधशाळांनी असा तरंग प्रथमच पकडला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे अंतरावरून आलेल्या या तरंगाने चार किलोमीटर लांबीच्या बाहूत घडविलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पट लहान होता.

भूकंपाची सूक्ष्म थरथर, वाहनांची ये-जा, उपकरणांतील खरखर यांच्या गर्दीतून ही कुजबुज ओळखायची कशी? त्यासाठी कृष्णविवरांच्या विविध जोड्यांपासून कोणत्या आकाराचा तरंग निघेल, याचे नमुने आधीच गणिताने तयार केले जातात. आलेली नोंद त्या प्रत्येक नमुन्याशी जुळवून पाहिली जाते. पहिल्या शोधावेळी असे सुमारे अडीच लाख नमुने वापरले गेले होते. या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील डॉ. संजीव धुरंधर आणि डॉ. बी. एस. सत्यप्रकाश यांचे १९९१ मधील संशोधन महत्त्वाचे मानले जाते. 'आयुका'तील 'सारथी' हा संगणकसमूह आज याच कामाला जुंपलेला आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात होणाऱ्या 'लायगो-इंडिया' वेधशाळेसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ती सुरू झाल्यावर ही रास आणखी वाढणार आहे.

संगणकातले विश्व

महासंगणकाचा तिसरा उपयोग सर्वांत विलक्षण आहे. विश्वाची निर्मिती प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहता येत नाही. मात्र संगणकात ती करता येते. द्रव्याचे असंख्य कण कल्पून त्यांना गुरुत्वाकर्षणाच्या स्वाधीन करायचे आणि दीर्घिका कशा गोळा होतात ते पाहायचे, अशी ही रीत आहे. अडचण येते ती हिशोबाची. शंभर कणांत ४,९५० जोड्या होतात. एक लाख कणांत त्या ५०० कोटींच्या घरात जातात. म्हणून शास्त्रज्ञ युक्ती योजतात. दुरून पाहणाऱ्याला गावातील घरे वेगवेगळी न दिसता अख्खे गाव एकच ठिपका दिसतो. त्याचप्रमाणे दूरच्या कणांचा समूह एकच कण मानला जातो आणि जवळच्यांचा हिशोब तेवढा काटेकोर ठेवला जातो. २००५ मध्ये जर्मनीत अशाच युक्तीने सुमारे एक हजार कोटी कणांचे विश्व उभारण्यात आले. महासंगणकाला त्यासाठी महिनाभराहून अधिक काळ लागला. संगणकातले विश्व आणि दुर्बिणीतले विश्व यांत मेळ बसला नाही, तर कल्पनेत चूक आहे हे उमगते.

नकारातून उभी राहिलेली विद्या

भारताकडे ही ताकद सहज आलेली नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेने शक्तिशाली 'क्रे' महासंगणक देण्यास नकार दिला. त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक'ची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. एकच प्रचंड वेगवान यंत्र घडविण्याऐवजी अनेक साध्या प्रक्रियकांकडून एकाच वेळी काम करवून घेणे, हे त्यामागील सूत्र होते. आजचे महासंगणकही त्याच वाटेने चालतात.

ज्या जिल्ह्याचे पोट धानावर आहे, त्याला कृष्णविवरांच्या हिशोबाचे काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो गैर नाही. त्याचे एक उत्तर पावसात आहे. वातावरणाचे चौकटींत तुकडे पाडून प्रत्येकाचा हिशोब करणारे हवामानाचे अंदाज याच जातीच्या यंत्रांवर चालतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील 'अर्क' महासंगणकाच्या बळावर मे २०२५ मध्ये सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' १२ ऐवजी ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते. रोवणीच्या दिवसांत पाऊस तालुक्याच्या कोणत्या भागात पडेल, हे अधिक नेमकेपणाने कळणे शेतकऱ्याच्या हिताचेच आहे.

मात्र सूप कितीही मोठे केले, तरी राशीत मातीच अधिक मिसळली तर दाणा सापडत नाही. मोबाइल मनोरे, वीजवाहिन्या, वाहने यांच्या रेडिओ गोंगाटाने खोडदच्या दुर्बिणीचे काम अवघड होत आहे. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची आखणीही या दुर्बिणीला बाधा पोहोचेल म्हणून बदलावी लागली. रेल्वे हवी आणि दुर्बीणही हवी, तर दोन्हींचा मार्ग आधीच ठरवावा लागेल. महासंगणक पैसे मोजून पुन्हा उभारता येतो. एकदा हरवलेली रेडिओ शांतता मात्र परत मिळविणे फार कठीण आहे.